डोंगरिणीची चाल

रस्त्याच्या कडेला दोन खांबांमध्ये ताणलेला पतंगाचा गुलाबी दोरा वाळताना दिसला, की मी मान खाली घालते. खरं तर या दिवसांत अख्ख्या बडोद्याची मान वर असते. उत्तरायण तोंडावर आलेलं, पोरं गच्चीवर, पोरांचे बाप गच्चीवर, दुकानदारसुद्धा गिऱ्हाईक सोडून आभाळात बघतोय. आणि दांडिया बाजारातून भाजीची पिशवी घेऊन मी एकटी चालले आहे, ती जमिनीकडे बघत. आमचे हे विचारतात, "काय गं, काही पडलं का तुझं?" पडलं काही नाही. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत भर थिएटरात माझी जी शोभा झाली, ती आठवते, इतकंच.

आणि हा ऋतू मेला काही विसरूही देत नाही. लाऱ्यांवर, म्हणजे हातगाड्यांवर, कोवळा हिरवा पोंक येतो, आपला ज्वारीचा हुरडा, वर शेव आणि लिंबू पिळून लोक उभ्याउभ्या खातात. बाजारात तुरीच्या शेंगांचे ढीग, बोरं, उसाची कांडकी, लाल गाजरं. घरोघरी तीळ भाजायला घेतलेले असतात. कढईत तीळ तडतडले की माझे कान गरम होतात. दुसऱ्या कुणाला तीळ म्हटलं की तिळगूळ आठवत असेल. मला एक मोठा पडदा आठवतो आणि त्यावर मी.

पतंग हे पुरुषांचं आणि गुजरात्यांचं. आम्हा मराठी बायकांचं खरं काम संक्रांतीला सुरू होतं आणि रथसप्तमीला संपतं: हळदीकुंकू. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. काळ्या साड्या निघतात, अत्तराच्या कुप्या निघतात, आणि आलेल्या प्रत्येकीला काहीतरी वस्तू द्यायची, ती म्हणजे वाण. वाण नुसतं द्यायचं नसतं, लुटायचं असतं. शब्दच असा आहे की देणारीच्या अंगात येतं. वर्षानुवर्षं आम्ही एकमेकींना लुटलेले प्लास्टिकचे डबे, चाळण्या, स्टीलच्या वाट्या, साबणाच्या वड्या माझ्या माळ्यावर आहेत. त्यातला एक डबा तर मी कुमुदताईंना दिला होता आणि चार वर्षांनी तो त्यांनीच मला दिला. कुमुदताई म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या. त्यांचे आजोबा संस्थानात मोठे अंमलदार होते, आमच्या यांचे पणजोबा फौजेत. संस्थान गेलं तरी कुमुदताई अजून अंमलदारीणच आहेत आणि आम्ही शिपाई. त्या साली मला असं काहीतरी वाण लुटायचं होतं की कुमुदताईंचं तोंड उघडंच राहावं.

त्यांचं तोंड उघडं राहिलं. पण ते पुढे.

आधी हेतलबद्दल सांगायला हवं. हेतल माझी सून. आमच्या निखिलनं वाघोडियाच्या कारखान्यात नोकरी धरली आणि तिकडच्याच रस्त्यावरच्या एका गुजराती घरातली मुलगी पसंत केली. "करते काय?" मी विचारलं. "कार्टून सिनेमे बनवणाऱ्या स्टुडिओत आहे." "म्हणजे चित्रं काढते?" "नाही आई," निखिल म्हणाला, "दुसऱ्यांनी काढलेल्या चित्रांना चालवते." मला वाटलं, पोरगा थट्टा करतोय. पण ते तसंच होतं. अर्धे दिवस ती स्टुडिओत जायची आणि अर्धे दिवस आमच्या हॉलमध्ये खिडकीपाशी मोठा स्क्रीन लावून बसायची. मी दुपारी तूर निवडायला बसले की तो स्क्रीन समोरच.

तेव्हा त्यांच्याकडे एक परीकथेसारखा सिनेमा आला होता. त्यात एक राक्षसीण होती. तिच्या पाठीवर आख्खी टेकडी, टेकडीवर एक वड. मी तिला डोंगरीण म्हणायचे. तिचं नाक कसं असावं यावर आधी आठवडेच्या आठवडे चर्चा. चपटं नाक, फताडं नाक, बटाट्यासारखं नाक, सगळी चित्रं भिंतीवर चिकटवलेली. मग कोणी तिचा रंग ठरवला. कोणी वडाची पानं केली. त्यांच्या स्टुडिओतली एक मुलगी कितीतरी महिने डोंगरिणीच्या अंगावरचं शेवाळ करत होती. मी म्हटलं, "शेवाळाचा पगार देतात? आमच्या मोरीत फुकट येतं." हेतल इतकी हसली की तिला ठसका लागला. तशी तिची माझी गट्टी होती. सासू-सून म्हणून जे काही बाजारात बोलतात, तसलं आमच्यात नव्हतं. ती मला जेवताना आग्रह करायची आणि मी तिला आळस करायला परवानगी द्यायचे. छान चाललं होतं.

डोंगरिणीला चालवायचं काम हेतलचं. आणि डोंगरीण काही चालेना. म्हणजे चालायची, पण फुग्यासारखी. एवढं मोठं धूड, पाठीवर टेकडी, आणि पाय उचलते कशी, तर शाळेत निघालेल्या मुलीसारखी. साहेबांनी काम दोनदा परत पाठवलं. हेतलचं तोंड उतरलं. "आई, वजन बनतच नाही," ती म्हणायची, "दिसायला मोठी, पण वजन नाही." मी म्हटलं, "तुला वजन काय माहीत? तू स्वतः मूठभर आहेस." ती नुसती बघत राहिली माझ्याकडे. त्या दिवसांत ती माझ्याकडे फार बघायची. मी स्वयंपाकघरातून पाणी घेऊन आले की बघायची, गॅलरीत कपडे वाळत घालायला गेले की बघायची. मला वाटायचं, पदर खोचलेला राहिला की काय. "काय गं?" "काही नाही, आई."

मग एका दुपारी म्हणाली, "आई, जरा चालो ने. इथून तिथपर्यंत." मी गाऊनवर होते. दुपारची वेळ, कोण येतंय जातंय? तिनं गादीची वळकटी केली आणि माझ्या जुन्या सुती साडीनं माझ्या पाठीला बांधली. ती टेकडी. पोटाला उशी बांधली, कारण डोंगरिणीला पोट होतं. "मला कुठलं पोट लावतेस, माझं आहे ते पुरे," असंही मी म्हटलं. आणि फोन घेऊन माझं शूटिंग सुरू. मी आपली हात पसरून, दात विचकून, राक्षसिणीसारखी चालले. आयुष्यात नाटकात काम केलेलं नाही, हौस भागवून घेतली. "ना आई, अ‍ॅक्टिंग नको," ती म्हणाली. "तुम्ही सकाळी दूध आणायला जाता तशा चाला. मग जिना चढा." मी म्हटलं, "त्यात काय वेगळं आहे?" तिनं फोन पुन्हा वर धरला. मी गाऊन सावरत, वळकटी घेऊन, आमच्या जिन्याच्या अर्ध्यापर्यंत उतरले आणि चढले. "हे कोण बघणार?" मी दोनदा विचारलं. "कोई नही, आई. फक्त मी. रेफरन्स आहे." रेफरन्स म्हणजे खऱ्या माणसाकडे बघून चित्राला वळण द्यायचं, म्हणजे आमचा कित्ता. साहेबांना ती चाल पसंत पडली. घरी पेढे आले.

मी तर हवेत. दांडिया बाजारात भाजीवालीपासून देवळाच्या गुरवापर्यंत सगळ्यांना सांगितलं, मी सिनेमात आहे. "कशात?" "राक्षसीण आहे एक, तिची चाल माझी." लोक म्हणायचे, वा. खरं म्हणजे कुणालाच काही कळलं नव्हतं, आणि मलाही. आणि सिनेमा नेमका संक्रांतीच्या आगेमागे लागणार असं कळलं, तेव्हा माझ्या डोक्यात ते वाण आलं. सिनेमाची तिकिटं! वाण म्हणून सगळ्या जणींना सिनेमाचं तिकीट लुटायचं आणि हळदीकुंकू थेट मॉलमध्ये. अशी कल्पना बडोद्यात कुणाला सुचली नसेल. कुमुदताई म्हणाल्या, "सुलभा, ही वस्तू थोडीच आहे? ही घरी काय न्यायची?" मी म्हटलं, "आठवण न्या." अरेरे. नेली त्यांनी.

हेतलला सांगितलं तर ती उडालीच. "खरंच, आई? सगळ्यांना?" मग गालातल्या गालात हसली आणि स्क्रीनकडे वळली. काहीतरी लपवत होती. मला वाटलं, माझ्यासाठी साडी आणली असेल.

मॉलच्या दारात आमचा काळ्या साड्यांचा घोळका बघून लोक थबकत होते. सरकत्या जिन्यावर चढायला घाबरणाऱ्या दोघींना आम्ही ओढून नेलं. दारातल्या गार्डनं तिळगुळाचा डबा पकडला. "आंटी, बाहर का खाना अलाउड नहीं है." मी म्हटलं, "हे खाणं नाही, हे देवाधर्माचं आहे. तोंड उघडा." त्याच्याही तोंडात एक लाडू घातला आणि आम्ही आत. तिथंच लिफ्टशेजारी मी एकेकीला हळदीकुंकू लावलं, अत्तर लावलं, तिकीट हातात दिलं. आमच्यात शेजारच्या ज्योत्स्नाबेनही होत्या, त्यांना दर वर्षी बोलावते. हेतल ओळीच्या टोकाच्या खुर्चीवर बसली. इतका आनंद मला निखिलच्या लग्नातही झाला नव्हता.

सिनेमा सुरेखच होता, खोटं कशाला बोलू? निळं जंगल, उजेड पाझरणाऱ्या नद्या, धुक्यातली घरं. दर चित्रामागे कुणीतरी पोर आमच्या हेतलसारखं डोळे फोडत बसलं असेल, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी मान डोलवत होते. आणि मग डोंगरीण आली. झाडांमागून आधी टेकडी हलली, मग ती. पाय फेंगडे टाकत, डावीकडे झुकत, एक हात मांडीवर, हाश हुश करत. आख्खं थिएटर हसलं. पोरं तर किंचाळून हसली. आणि सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं असेल, तर मी. "अगं बाई, काय ध्यान आहे!" असं मी मोठ्यानं म्हटलं. पोट धरून हसले.

ज्योत्स्नाबेन माझ्या शेजारी होत्या. त्या निरागस आवाजात म्हणाल्या, "आ तो आपणां सुलभाबेन जेवी ज चाले छे!"

म्हणजे डोंगरीण माझ्यासारखी चालते! आमच्या ओळीत ते सगळ्यांना ऐकू गेलं. मग कुणीतरी फिसकलं. मग तोंडावर पदर गेले. मी पडद्याकडे पुन्हा बघितलं आणि माझं हसणं तोंडातच थिजलं. खरंच की. माणूस आरशात चेहरा बघतो, साडी बघतो, पाठमोरी वेणीसुद्धा दुसरा आरसा धरून बघतो. आपली चाल मात्र आपल्याला कधी दिसत नाही, ती जगाला दिसते. आख्खा दांडिया बाजार मला वर्षानुवर्षं अशी बघत होता आणि मीच तेवढी बघितली नव्हती.

तरी इथवर मी सोसलं असतं. हसण्यावारी नेलं असतं, नाहीतरी मी गावभर ढोल पिटलाच होता. पण मग डोंगरिणीला देवळाच्या पायऱ्या चढायच्या होत्या. ती एक पाय वर टाकते, दुसरा त्याच पायरीवर ओढून आणते. मध्येच थांबते. आणि थांबल्यावर ती काय करते? ती इकडे तिकडे बघते, जणू काही शोधते आहे. वेलीवरचं फूल बघते, आभाळ बघते, पाठीवरच्या वडाची फांदी नीट करते. आणि मग पुढची पायरी.

ते माझं होतं. ते कुणालाच माहीत नव्हतं. गुडघ्यातून कळ गेली की मी थांबते, आणि थांबल्याचं दिसू नये म्हणून पदर नीट करते, देवळाच्या कळसाला नमस्कार करते, पर्समध्ये किल्ली शोधते. हेतल लग्न होऊन घरात आली तेव्हापासून मी हे करत आले. माझ्या सासूबाई शेवटची अकरा वर्षं खुर्चीत बसून होत्या आणि दिवसभर "हे दुखतं, ते दुखतं" सांगत होत्या. तसली सासू मला व्हायचं नव्हतं. आमच्या यांना विचारा, यांच्या बायकोचा कुठला गुडघा दुखतो. सांगता येणार नाही. निखिलला तर गुडघे असतात हेच माहीत नाही. जिच्यापासून मुख्य लपवायचं होतं, तिनंच ते बघितलं होतं, नीट बघितलं होतं, आणि आता ते या भल्यामोठ्या पडद्यावर कुणीही तिकीट काढून बघावं असं चाललं होतं. मला त्या अंधारात कुणीतरी उघडी केल्यासारखं झालं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

सिनेमा संपला. मी उठले, तर हेतल धावत आली. "आई, बसा ने, बसा, अजून आहे!" नावं सुरू झाली होती. पडद्याच्या एका बाजूला नावं आणि दुसऱ्या बाजूला चौकटीत खऱ्या माणसांची शूटिंगं. एक मुलगा ऑफिसच्या खुर्चीवरून हरणासारखा उडी मारत होता. एक जाडा माणूस पक्ष्यासारखे हात हलवत होता. आणि मग मी. गाऊनमध्ये. फुलाफुलांचा, गळ्याशी विटलेला गाऊन. पाठीला गादी, पोटाला उशी, केस सुटलेले, दात विचकलेले. शेजारी डोंगरीण, माझ्या पावलावर पाऊल टाकत. आणि खाली ठळक अक्षरांत, सुलभा मोहिते, बडोदा.

थिएटरातल्या परक्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या ओळीत कुणी टाळी वाजवली नाही. मी हेतलकडे बघितलं. ती पडद्याकडे बघतच नव्हती. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, डोळे मोठे करून, देवीची ओटी भरून झाल्यावर बघावं तशी, की मी आता हसेन.

कुमुदताई बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "गाऊन कुठून घेतलास गं?" बाकीच्या मात्र गुडघ्यावर घसरल्या. "सुलभा, इतकं दुखतं तर सांगायचं नाही का?" "माझ्या नणंदेनं ऑपरेशन केलं, आता धावते." "एरंडाचं तेल लाव." रिक्षात बसेपर्यंत मला चार डॉक्टर आणि दोन तेलं मिळाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेले, तर दोन बाया बोलता बोलता थांबल्या. मला ऐकू आलंच: "सुनेनं सासूची राक्षसीण केली!" आणि घरी आमचे हे. नंदेसरीच्या कारखान्यात जन्म काढला, तिथल्या धुरानं नाक गेलं पण जीभ शाबूत राहिली. म्हणाले, "अगं, त्यात काय एवढं? पूर्वी संस्थानात महाराजांच्या हत्तीची चाल बघायला लोक रस्त्यावर उभे राहायचे." त्यांना धीर द्यायचा होता, हे मला समजत होतं. तरी मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

हेतलला मात्र त्याच संध्याकाळी बोलले होते. चप्पल काढायच्या आत. "घराची अब्रू वेशीला टांगलीस. मला गाऊनवर आख्ख्या दुनियेला दाखवलीस." ती म्हणाली, "आई, आमच्यात असं नाव कोणाचं येत नाही. मी किती महिने सरांच्या मागे लागले. मला वाटलं तुम्हाला सरप्राइज..." तिचं मराठी रडताना सगळं गुजराती होऊन जातं, पुढचं मला नीट कळलं नाही. कळून घ्यायचंही नव्हतं. गाऊनचं मी बोलले, उशीचं बोलले, कुमुदताईंचं बोलले. पायरीवरच्या त्या थांबण्याबद्दल तोंडातून अक्षर निघालं नाही. शेवटी म्हटलं, "आजपासून माझ्याकडे बघायचं नाही. समजलीस? माझ्याकडे असं बघत जाऊ नकोस."

"बरं, आई," ती म्हणाली.

आणि तिनं ते पाळलं. रागानं नव्हे, अगदी आज्ञाधारकपणे. चहा द्यायची, तर कपाकडे बघून. वाढायची, तर ताटाकडे बघून. मी खोलीत आले की तिची नजर जमिनीवर, मी गेले की पुन्हा स्क्रीनवर. बोलणं बंद नव्हतं, म्हणून निखिलला काही समजलंही नाही. फळीवर गुडघ्याच्या तेलाची बाटली आली, संपली की दुसरी यायची. कुणी आणली ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. त्या साली रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घालताना आम्ही दोघी शेजारी उभ्या होतो. दूध पूर्वेला सांडलं. मी तिच्याकडे बघितलं, ती दुधाकडे बघत होती.

आणि मी काय केलं, तर चाल सुधारायला घेतली. घरात कुणी नसलं की भिंतीला पाठ लावून ताठ चालायचं, पाय सरळ टाकायचे. पणजोबा फौजेत होते म्हणतात, कवायत मी केली. बाहेर पडले की पोट आत, मान वर, आणि मनातल्या मनात कळवळायचं. चालता चालता मला कळायला लागलं की ही चाल काही एका दिवसात आली नव्हती. नवी नवरी असताना सासूबाई म्हणायच्या, पाय वाजवू नकोस. म्हणून मी पाऊल घासत टाकते. निखिल कडेवर असायचा, तो खाली उतरायलाच तयार नसायचा. म्हणून मी डावीकडे झुकते. देवळाच्या ओल्या फरशीवर पडले होते, ते कुणाला सांगितलं नाही. म्हणून एक हात मांडीवर. ही सगळी माझीच कमाई होती आणि मी ती भिंतीला टेकून पुसत बसले होते. गुडघा मात्र दुप्पट दुखायला लागला.

गेल्या साली मी हळदीकुंकू केलंच नाही. बायकांना निमित्त सांगितलं गुडघ्याचं. जे इतकी वर्षं लपवलं तेच पुढे केलं, आणि त्याचीही लाज वाटली. लाजेचं हे असं आहे, एकीला उंबऱ्यात घेतली की ती आपल्या बहिणींना घेऊन येते.

आता पुन्हा दोरे वाळताहेत. काल दुपारी मी हॉलमध्ये जमिनीवर बसून उंधियूसाठी तुरीचे हिरवे दाणे सोलत होते. हेतल खिडकीशी. तिच्याकडे नवीन सिनेमा आलाय. त्यात एक म्हातारी दाई आहे, राजवाड्यातली. हरवलेलं पोर किती वर्षांनी दारात येऊन उभं राहतं, आणि ती जमिनीवरून उठते. बस, तेवढंच, उठते. ते काही जमेना. हेतल दोन दिवस कुठल्या कुठल्या देशांतल्या म्हाताऱ्यांची शूटिंगं बघत होती. त्या सगळ्या खुर्चीतून उठत होत्या. तिकडे जमिनीवर बसतच नाहीत कुणी, तर उठणार कशा?

तेवढ्यात तिला स्टुडिओतून फोन आला. कुणीतरी विचारत असावं, घरचं कोणी माणूस मिळत नाही का शूटिंगला. हेतल हळू आवाजात म्हणाली, "ना, घरे कोई नथी."

मी तिच्यापासून हाताच्या अंतरावर होते. शेंगा फुटल्याचा आवाज तिला ऐकू जात होता. घरी कोणी नाही, ती म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. मीच तिला तसं सांगितलं होतं.

सोललेले दाणे मी बाजूला सरकवले. गाऊनवरच होते मी, तोच फुलाफुलांचा. मनात आलं, साडी नेसून येऊ का. पण साडी नेसायला उठावं लागतं आणि एकदा उठून गेले असते तर परत आले नसते.

"हेतल," मी म्हटलं.

"हं, आई." जमिनीकडे बघून.

"बघ."

तिला कळलं नाही. मग कळलं. तिचा हात फोनकडे गेला आणि मध्येच थांबला. फोन तिनं तसाच टेबलावर राहू दिला आणि नुसते डोळे वर केले. दोन वर्षांनी. पोरीचे डोळे काळेभोर आहेत, मी विसरले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, सरळ सांगते. मी डावा हात फरशीवर टेकला, पाय मागे घेतला, मांडीवरची टरफलं खाली सांडली, आणि तोंडातून "आई गं" निघायचं ते निघालं. अर्ध्यावर कळ आली. थांबावं लागलं. समोर दाण्यांचं ताट होतं, गॅलरीत दोरीवर कपडे होते, देवळाचा कळसही तिथून दिसतो.

मी कशाकडेच बघितलं नाही. तशीच थांबले, तिच्या डोळ्यांसमोर, आणि मग उठले.